निंबोळीपासून खतावणीपर्यंत

जैन भाविकांना परभणी जिल्हा परिचित आहे तो जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लेण्यांमुळे आणि नवागडच्या अतिशय क्षेत्रामुळे. व्यापाऱ्यांना तो ठाऊक आहे मानवत आणि सेलू येथील कापसाच्या बाजारपेठांमुळे. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र परभणीचे नाव येते ते तेथील विद्यापीठासाठी. १९५६ मध्ये येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले, १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. मराठवाड्यातील सर्व जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. सेंद्रिय शेतीचे संशोधन आणि प्रशिक्षण यांसाठी विद्यापीठात स्वतंत्र केंद्रही आहे.

विद्यापीठाच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या अंतिम वर्षातील मुले-मुली सातव्या सत्रात वर्ग सोडून गावात जातात. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे या कार्यक्रमाचे नाव. गावकरी मात्र त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. प्रत्येकाला एक शेतकरी नेमून दिलेला असतो. त्याच्या बांधावर जायचे, त्याच्यासोबत पेरणी-कोळपणी पाहायची, करायची, आणि महाविद्यालयात जे शिकले ते गावासमोर करून दाखवायचे, अशी ही योजना आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टुडंट रेडी’ या नावाने तिला नवे रूप दिले. त्यानंतर आठव्या सत्रात विद्यार्थ्यांनी एखादा उत्पादन-व्यवसाय स्वतः चालवून पाहण्याची जोडही भक्कम झाली. सेंद्रिय उत्पादन तंत्र, जैविक खते व मित्रबुरशींची निर्मिती, व्यापारी मधमाशीपालन, अळिंबी असे त्यातील पर्याय आहेत.

सेंद्रिय शेती हा विषय फळ्यावर शिकवता येत नाही, हे कृषी शिक्षणात आता सर्वमान्य आहे. रासायनिक खताची मात्रा पाठ करता येते. एकरी किती पोती, कोणत्या दिवशी, एवढे सांगितले की काम भागते. कंपोस्ट कुजले की नाही हे मात्र हातात घेऊन, दाबून आणि वास घेऊनच कळते. कुजलेल्या खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो, अर्धवट कुजलेल्याला उग्र दर्प येतो, आणि हा फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकाला नीट सांगता आलेला नाही.

शंभर दाणे आणि एक गोणपाट

गावात गेल्यावर बहुधा पहिले प्रात्यक्षिक होते ते सोयाबीनच्या उगवणक्षमतेचे. साहित्य म्हणजे घरच्या बियाण्याचे शंभर दाणे आणि ओले केलेले गोणपाट, एवढेच. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओलावा टिकवायचा आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे नीट उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरणी करावी. त्याहून कमी असतील तर एकरी बियाणे वाढवावे, आणि फारच कमी असतील तर ते बियाणे तेलाच्या घाण्याकडे पाठवावे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, दुबार पेरणीची वेळ आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. त्या वर्षानंतर शंभर दाण्यांच्या या साध्या परीक्षेला गावोगाव मान मिळाला.

या प्रात्यक्षिकात व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल अतिशय पातळ असते. पोते उंचावरून आपटले, थप्पी फार उंच लावली, तर वरून दाणा धडधाकट दिसतो आणि आतील कोंब मात्र मेलेला असतो. मोंढ्यात हमालाने खांद्यावरून फेकलेले पोते तेलासाठी चालेल, बियाण्यासाठी नाही. विद्यार्थी आपटलेल्या आणि न आपटलेल्या पोत्यातील दाण्यांची उगवण शेजारी शेजारी मांडून दाखवतात, तेव्हा ही बाब कुणाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर येते बीजप्रक्रिया. दहा किलो सोयाबीनला अडीचशे ग्रॅम रायझोबियम जिवाणूखत, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, दाण्याची साल न सोलता हलक्या हाताने चोळायचे आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचे. उन्हात सुकवले तर जिवाणू मरतात. या प्रयोगाचा खरा निकाल मिळतो चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. झाड मुळासकट अलगद उपटायचे, मुळे पाण्यात धुवायची आणि त्यांवरील गाठी नखाने फोडायच्या. आतून गाठ लालसर-गुलाबी असेल तर जिवाणू हवेतील नत्र पिकाला पुरवीत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच गाठ. ज्या विद्यार्थ्याने अशा वीस-पंचवीस गाठी स्वतः फोडल्या आहेत, त्याला नत्रस्थिरीकरण या अवजड शब्दाचा अर्थ जन्मभर विसरता येणार नाही.

मातीच्या नमुन्याचेही तसेच आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती, शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणांहून जमा केलेली; मग तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे करीत अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची, बांधाजवळची आणि उकिरड्याशेजारची माती घ्यायची नाही. बाजारात पोत्यातून धान्याचा नमुना काढणाऱ्याला यातील तत्त्व लगेच समजेल. वरचे मूठभर धान्य पाहून भाव ठरवणारा जसा फसतो, तसाच एका कोपऱ्यातील मातीवरून खताची मात्रा ठरवणाराही.

मातीच्या जिवंतपणाची आणखी एक परीक्षा परदेशात शाळकरी मुलांकडून करवून घेतात आणि ती कापडाच्या व्यापाऱ्यांना गंमतीची वाटेल. शुद्ध सुती कापडाचा तुकडा, कॅनडात तर चक्क सुती अंतर्वस्त्र, शेतात पुरतात आणि दोनेक महिन्यांनी उकरून काढतात. माती जिवंत असेल तर कापडाच्या चिंध्या होतात; निर्जीव जमिनीत ते जवळजवळ तसेच राहते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा प्रयोग करायला साहित्याची वाण पडू नये.

निंबोळीचे वेळापत्रक

निंबोळी अर्क हे कृषिदूतांचे सर्वांत आवडते प्रात्यक्षिक. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. सकाळी पातळ फडक्यातून गाळायचे, दोनशे ग्रॅम साबण मिसळायचा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करायचे. हा झाला पाच टक्के अर्क. साबण कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. पानावर द्रावणाचे थेंब घरंगळून न जाता पसरावेत, हे त्याचे काम.

कृती सोपी आहे. अवघड आहे ती आधीची तयारी. निंबोळ्या पिकून गळतात उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडावर. त्याच वेळी त्या वेचाव्या लागतात, गर काढून सावलीत वाळवाव्या लागतात आणि हवा खेळेल अशा पिशवीत साठवाव्या लागतात. ओल्याच भरल्या तर बुरशी लागते, कडक उन्हात वाळवल्या तर गुण कमी होतो. फवारणीची गरज पडते ती श्रावण-भाद्रपदात. त्या वेळी झाडाखाली काही उरलेले नसते. म्हणजे ज्या शेतकऱ्याने ज्येष्ठातच ठरवले, त्यालाच भाद्रपदात अर्क मिळतो. दुकानातील बाटलीची गोष्ट निराळी. कीड दिसली की त्याच संध्याकाळी ती उधारीवरही मिळते. सेंद्रिय शेती मागे पडण्याची जी अनेक कारणे सांगितली जातात, त्यांत हे साधे कारण क्वचितच सांगितले जाते.

अर्काचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. तिची खाण्याची इच्छा जाते, कात टाकणे बिघडते, अंडी घालणे मंदावते. फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या शेतकऱ्याला अळ्या जिवंत दिसतात आणि तो म्हणतो, औषध लागू पडले नाही. विद्यार्थ्याने आठवडाभर रोज त्याच झाडांवरील खाल्लेली पाने मोजून वहीत मांडली, तरच त्याला उत्तर देता येते. अळ्या मोठ्या झाल्यावर अर्काचा उपयोग कमी होतो, हेही त्याला त्याच वहीतून कळते.

निंबोळीला बाजारही आहे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देणे बंधनकारक झाले आणि या तेलाची मागणी वाढली. गावातील शाळकरी मुले आणि वृद्ध स्त्रिया वेचू शकतील अशी ही वस्तू आहे. एखाद्या आडत दुकानाने हंगामात निंबोळी योग्य भावाने घेऊन, नीट वाळवून, पावसाळ्यात शेतकऱ्याला पुन्हा विकली, तर त्यात नफाही आहे आणि वेळेचा तो घोटाळाही सुटतो. व्यापाराचे मूळ कामच हे, की वस्तू जेव्हा असते तेव्हा ती साठवावी आणि जेव्हा लागते तेव्हा पुरवावी.

दोनशे लिटरचा ड्रम आणि युरियाचे पोते

जीवामृताचा ड्रम आता गावोगाव ओळखीचा झाला आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातील आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले सुभाष पाळेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळायचे, सावलीत ठेवायचे, दोन दिवसांनंतर आठवड्याच्या आत वापरायचे. हे एका एकराला पुरते. शेणासाठी देशी गाय सांगितली जाते आणि मराठवाड्याचे भाग्य असे की लाल कंधारी आणि देवणी ही दोन्ही नामवंत गोधने याच भूमीतील आहेत. परभणी-नांदेडकडील लाल कंधारी बैल काळ्या भारी जमिनीत औत ओढण्यासाठी प्रसिद्ध. ट्रॅक्टर आल्यापासून दावणी रिकाम्या होत गेल्या, आणि आता ड्रम आहे पण शेण शेजाऱ्याकडून आणावे लागते, अशी स्थिती अनेक घरांत आहे.

इथे थोडा हिशेब मांडला पाहिजे, कारण प्रात्यक्षिकांत तो बहुधा मांडला जात नाही. युरियाचे एक पोते पंचेचाळीस किलोचे; त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २०.७ किलो. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात पाच किलो. एका पोत्यातील नत्राइतके नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टनांहून थोडे अधिक शेणखत लागेल. एक पोते सायकलवर येते. चार टनांना ट्रॉली लागते, भरणारे आणि पसरवणारे हात लागतात. जीवामृताच्या ड्रममधील दहा किलो शेणातून फार तर पन्नास ग्रॅम नत्र मिळणार. तेव्हा ड्रम म्हणजे पोत्याची जागा घेणारे खत नव्हे. तो जमिनीतील जिवाणूंना दिलेला विरजणाचा ठोकळा आहे. विरजण कितीही उत्तम असले तरी दूध हवेच. ते दूध म्हणजे शेणखत, कंपोस्ट, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची पिके आणि शेतातच कुजवलेला काडीकचरा.

हा हिशेब न करता घाई केली तर काय होते, हे श्रीलंकेने दाखवले. २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भात आणि चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. दोष सेंद्रिय शेतीचा नव्हता, तयारीशिवाय एका दिवसात ती लादण्याचा होता. कृषिदूताने गावात ड्रम ढवळून दाखवताना शेजारी युरियाचे पोते ठेवून हा हिशेबही सांगितला, तर शेतकरी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवील. आज बहुतेक प्रात्यक्षिकांत भाषण असते आणि वजनकाटा नसतो.

काडीकचऱ्याचे शास्त्र तर कापसाच्याच पैशातून उभे राहिले आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. त्या संस्थेला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे साहाय्य होते. पऱ्हाट्या कडक असल्याने कुजत नाहीत, म्हणून हॉवर्ड त्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत आणि मग ढिगात घालीत. परभणी जिल्ह्यात वेचणी संपल्यावर आजही पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटवल्या जातात. शंभर वर्षांपूर्वीचा तो धडा विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगा आहे, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही.

गांडूळखताबाबत जैन घरांत थोडा संकोच असतो. त्यात जीवांना बंदिस्त करण्याचा प्रश्न आहे आणि तो गैरवाजवी नाही. विद्यार्थ्यांना शिकवली जाणारी रीत मात्र जपणुकीची आहे: पाणी देणे थांबवून खताचा ढीग उजेडात करायचा, गांडुळे आपोआप अंधाराकडे, तळाशी जातात, मग वरचे खत हाताने अलगद काढायचे, फावडे वापरायचे नाही. ज्या शेतात विषारी फवारणी थांबते आणि पालापाचोळा मिळतो, तेथे गांडुळे न आणताही येतात, ही त्याहून चांगली बाजू.

अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक, तीन वर्षांची वाट

गावातील कार्यक्रमांची छायाचित्रे स्थानिक वृत्तपत्रांत नेहमी झळकतात: मागे फलक, मध्ये निळा ड्रम, भोवती सरपंच, पोलीस पाटील आणि हसरी मुले. या छायाचित्रांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मुलांना प्रोत्साहन लागतेच. पण अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकाने शेती बदलत नाही. सत्र संपते, मुले परीक्षेला जातात आणि शेतकरी आपल्या प्रश्नांसह मागे उरतो. पुढच्या वर्षी नवी तुकडी येते आणि पुन्हा पहिल्यापासून निंबोळी कुटते. एकाच गावात, त्याच शेतकऱ्याच्या त्याच गटावर, एका तुकडीने दुसरीला वही सोपवीत सलग तीन वर्षे काम केले, तर या शिक्षणाचे मोल अनेक पटींनी वाढेल. विद्यार्थ्याने रोजची नोंदवही ठेवावी हा नियम आहेच; ती वही परीक्षकाच्या सहीनंतर कपाटात जाते, एवढेच बदलायचे आहे.

ही वही का महत्त्वाची, हे व्यापारी कुटुंबांना इतरांपेक्षा लवकर समजेल. सेंद्रिय प्रमाणीकरण म्हणजे शेवटी कीर्द-खतावणीच असते. देशात त्याचे दोन मार्ग आहेत. निर्यातीसाठी वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते. आणि देशांतर्गत बाजारासाठी पीजीएस-इंडिया, ज्यात किमान पाच शेजारी शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करून एकमेकांची हमी घेतो. दोन्हींत मागितले जाते ते एकच: कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, काय घातले, ते कोठून आणले, किती पिकले, कोणाला विकले. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, हा पेढीचा नियम येथेही लागू आहे. उत्कृष्ट सेंद्रिय शेती करणारा शेतकरी केवळ वही नाही म्हणून आपला माल साध्या भावाने विकतो, आणि असे शेतकरी थोडे नाहीत.

रूपांतराचा काळ हा तर सर्वांत कठीण. हंगामी पिकांना दोन वर्षे, फळबागेला तीन वर्षे रसायने बंद ठेवावी लागतात, तेव्हा कोठे माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. या काळात उत्पादन बहुधा थोडे उतरते आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. पीककर्ज वर्षभरात फेडायचे असते, जमीन सावरायला दोन-तीन वर्षे लागतात. या दोन मुदतींचा मेळ घालणारी सोय जोवर होत नाही, तोवर लहान शेतकऱ्याने सगळी जमीन एकदम सेंद्रिय करू नये हेच शहाणपणाचे. एक एकर वेगळा काढावा, त्याची वही वेगळी ठेवावी.

कापसात आणखी एक अट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच मराठवाड्यात जवळजवळ सर्वत्र तोच दिसू लागला. पण जनुकीय बदल केलेले बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात मुळीच चालत नाही. एक थेंब औषध न फवारता पिकवलेला बीटी कापूसही सेंद्रिय ठरत नाही. परभणीच्या विद्यापीठाने देशी कापसाचे काम मात्र सोडले नाही. येथील महबूब बाग कापूस संशोधन केंद्रातून लांब धाग्याच्या देशी कापसाचे पीए मालिकेतील वाण निघाले. पीए-२५५ हा ‘परभणी तुराब’ त्यांतील एक. देशी कापूस कोरडवाहू जमिनीत तग धरतो, रस शोषणाऱ्या किडींना बराच दाद देत नाही आणि त्याचे बियाणे शेतकऱ्याला घरचे वापरता येते. बोंडे लहान असतात आणि वेचणीला मजुरी जास्त लागते, हीही बाजू विद्यार्थ्यांनी लपवू नये.

विक्रीच्या टोकाला काय होऊ शकते याचे उदाहरण फार जुने नाही. सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानक संस्थेने, म्हणजे गॉट्सने, २०२० मध्ये भारतातील सुमारे वीस हजार टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे उघड केले आणि काही कंपन्यांवर बंदी घातली. शेतकऱ्याने प्रामाणिकपणे राखलेले शेत कागदावर बुडाले ते मधल्या साखळीत. या मधल्या साखळीत आडतिया आहे, जिनिंगवाला आहे, गाठींचा दलाल आहे, म्हणजे ज्यांच्या घरी हे मासिक वाचले जाते तीच मंडळी आहेत.

म्हणून कृषी महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना गावासोबत मोंढाही दाखवायला हवा. कार्यक्रमात कृषी उद्योगाशी संलग्न राहून काम करण्याचा काही काळ असतो. तो बहुधा प्रक्रिया उद्योगात किंवा बियाणे कंपनीत जातो. एखाद्या पेढीवर महिनाभर बसून काट्यावरची पावती, बारदान्याचा हिशेब, मालाच्या लॉटची नोंद हे शिकलेला कृषिदूत गावातील पाच शेतकऱ्यांचा पीजीएस गट सहज उभा करू शकेल. हे शिक्षण देण्यासाठी पेढीला खर्च नाही. एक गादी आणि एक जुनी चोपडी पुरे.

ज्यांचे कृषी सेवा केंद्र आहे त्यांच्यापुढे प्रश्न अधिक थेट आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. आगमांत श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे अनेक दुकानदारांच्या मनात कोठेतरी सलत असते. शेती मात्र श्रावकाला परकी नव्हती: भगवान ऋषभदेवांनी शिकवलेल्या सहा कर्मांत कृषीही आहे आणि वाणिज्यही, आणि उपासकदशांगातील आनंद श्रावकाने आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधताना पाचशे नांगरांची जमीन राखली होती. दुकान बंद करा असे सांगणे सोपे आहे. त्या दुकानावर उधारीने चालणारे शंभर शेतकरी मग कोठे जातील, याचे उत्तर सांगणाऱ्याकडे नसते. दुकानातील फळीवर काय ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे मात्र दुकानदाराच्या हातात असते. परभणी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाचे ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रण घेण्यासाठी हळद आणि मोसंबीचे शेतकरी दुरून येतात. जैविक निविष्ठांना गिऱ्हाईक आहे. त्यांची साठवण थंड जागी करायला आणि मुदत पाहून विकायला शिकावे लागते, इतकेच.

शिकण्याची सोयही आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो एक वर्षाचा, आठवड्यातून एक दिवसाचा. चाळीस दिवस वर्गात आणि आठ दिवस प्रत्यक्ष शेतावर. कीटकनाशक विक्रेत्यांसाठी शैक्षणिक पात्रतेची अट आल्यापासून अनेक जण परवान्यासाठी म्हणून त्याला नाव घालतात. पन्नाशीचा दुकानदार कपाशीच्या ओळीत वाकून पान उलटतो आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासोबत त्यांना खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्याही मोजतो. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले तरच उपाय करायचा, त्याआधी नाही, हे त्याला तेथे शिकवले जाते. गल्ल्यामागून त्याला आजवर दिसली होती ती फक्त गिऱ्हाइकाने कागदात गुंडाळून आणलेली वाळकी पाने.

देशी कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. तो वेगळा विकायचा असेल तर वेगळी खोली लागते, स्वच्छ सुती बारदाना लागतो, कारण युरियाच्या रिकाम्या गोणीत भरलेला माल तपासणीत नापास होतो, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि वेचणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लागते. जिनिंगमध्येही आधी यंत्र रिकामे करून, झाडून, मगच तो घालावा लागतो, आणि त्याची सरकी वेगळी ठेवली तर पुढच्या ज्येष्ठात तीच बियाणे म्हणून त्याच शेतकऱ्याकडे परत जाते.